गाढवाची वाइन

प्रिय ब्लास,

उभ्याने वाचत असशील तर आधी बस. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. बाबांच्या खुब्याचं हाड सांधलंय, आणि आवाज तर ते जिन्यावरून पडले तेव्हाही शाबूत होता. बातमी चांगली आहे, इतकी चांगली की फोनवर सांगितली असती तर तू नेहमीसारखा "बरं, बरं" म्हणून मोकळा झाला असतास. म्हणून लिहितेय. बिलबाओच्या बंदरावरची तुझी क्रेन घटकाभर थांबली तर जहाजं काही बुडणार नाहीत.

तुला कुणी सांगितलं नसेल, पण यंदा टेकडीवरच्या म्हाताऱ्या जायच्या होत्या. आपल्याच म्हाताऱ्या, पणजोबांनी लावलेल्या त्या वेड्यावाकड्या वेली. तू गेल्यापासून त्यांची वाइन बिघडतच गेली. रंग काळाभोर, पण घोट घेतला की तोंड आवळून यायचं. बाबांनी आधी पावसाला दोष दिला, मग पिंपांना. नवी पिंपं आणली, तर त्यांच्या लाकडाला शिव्या घातल्या. गार्नाचा द्राक्षं जास्त, कारिन्येना कमी, मग त्याच्या उलट. मिश्रण काही केल्या जमेना. बेनिता आत्या दर जेवणाला बाबांना विचारायची, "अन्सेल्मो, तुझ्या म्हाताऱ्यांना या वयात दात फुटले की काय रे? जीभ चावतात मेल्या!" शेवटी या उन्हाळ्यात बाबांनी सांगून टाकलं : यंदाची वाइन पूर्वीसारखी झाली नाही, तर हिवाळ्यात ट्रॅक्टर बोलावून टेकडी साफ करायची आणि बदाम लावायचे. मी भांडले, रडले. तर म्हणतात, "त्या वेली तुझ्याइतक्याच हट्टी आहेत, ऑरोसिया. फरक एवढाच, तुला उपटून टाकता येत नाही."

आणि ऐन तोडणीच्या तोंडावर ते पडले. सगळी तोडणी माझ्या अंगावर आली. बाबांचा नियम तुला सांगायला नको : टेकडीवर लाल वेलींच्या मध्येमध्ये ज्या पांढऱ्या आहेत, त्यांचे घड वेगळ्या पाटीत, घरच्या गोड वाइनसाठी. लाल म्हणजे लाल. मी नियम पाळतच होते, पण शेवटच्या दिवशी मोन्कायोच्या डोंगरावर गारांचे ढग चढले. मी आपली घड निवडत बसलेली. आत्या ओरडली, "अगं, नवरा निवडतेस का द्राक्षं? टाक सगळं एकात!" टाकलं. पांढरं, लाल, सगळं एकाच टाकीत गेलं. घरी आल्यावर दोघींनीही बाबांसमोर तोंड उघडलं नाही.

टाकताना मला तुझीच आठवण येत होती. टेकडी दोनदा कोण उतरणार, म्हणून तू पांढरे घड लाल घडांच्या खाली दडवायचास, लहानपणापासून. आणि मग ती शेवटची तोडणी. सगळ्या गावासमोर बाबांनी तुझी पाटी उलटी केली. "डोळे आहेत का बटणं? गाढवालासुद्धा रंग कळतात!" तू छाटणीची कात्री तळघराच्या दाराशी खिळ्याला अडकवलीस आणि संध्याकाळच्या बसने गेलास. त्यानंतर बाबा प्रत्येक पाटी स्वतः तपासायचे. एक पांढरा मणी आत गेला नाही. आणि तुझ्या कात्रीला कुणी हात लावला नाही. मागे भिंतीला चुना दिला, तेव्हासुद्धा बाबांनी तिच्या कडेकडेने कुंचला फिरवला.

आता ऐक. नोव्हेंबरात, सान मार्तीनच्या सणाला, रिवाजाप्रमाणे, नव्या वाइनची तोटी उघडली. बाबा काठी टेकत तळघरात उतरले. मागच्या आळीचा ट्रॅक्टरवाला पाकोही आला होता, कारण निकाल लागला की त्याला दिवस ठरवून द्यायचा होता. बाबांनी घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ब्लास कधी आला?"

मी म्हटलं, कुठे आलाय?

"खोटं बोलू नकोस. ही त्या गाढवाची वाइन आहे."

ब्लास, काय वाइन झालीय म्हणून सांगू! तीच, आपल्या लहानपणची. आधी चेरी, मग डोंगरातल्या रानओव्याचा वास, आणि गिळल्यावर जीभ कशी मोकळी, हसरी. मी सगळं कबूल केलं. आत्या इतकी हसली की पिंपाला धरून उभी राहिली. बाबा मात्र उलट्या बादलीवर बसले. "म्हणजे पणजोबांनी त्या पांढऱ्या वेली उगाच नव्हत्या लावल्या," म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं..." आणि पुढचं त्यांनी वाइनबरोबर गिळलं. पाकोने विचारलं, "मग मी कधी येऊ?" बाबा म्हणाले, "वाइन प्यायला ये. ट्रॅक्टर घरी ठेव."

म्हाताऱ्या वाचल्या! मी अजून स्वयंपाक करताना मध्येच नाचते. बाटलीवर काय छापायचं, हेही ठरलंय : एक गाढव. आत्याचं म्हणणं, कान तुझ्यासारखे काढायचे.

आता मुद्द्याचं. टेकडीची वाइन आणि खालच्या शेतातली कारिन्येना यांचं मिश्रण जानेवारीत व्हायचंय, आणि बाबा हात लावायला तयार नाहीत. पुढच्या तोडणीचीही त्यांना आतापासून काळजी लागलीय. रोज विचारतात, "एका पाटीत तो पांढरे किती घालायचा?" मी म्हटलं, फोन करून विचारा ना. तर म्हणे, "फोनवर त्याची मूठ दिसते का?" याहून जास्त ते बोलणार नाहीत, तू त्यांना ओळखतोस. पण काल मी तळघरात गेले, तर खिळा रिकामा होता. बाबा अंगणात उन्हात बसून दोन कात्र्यांना धार लावत होते. एक त्यांची होती. आणि माझ्या कात्रीला मी कुणाला हात लावू देत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझीच,
ऑरोसिया