लंगोटांचं फ्लॅनेल

२ जुलै १९८८, रोहा.
मालूच्या माहेरी पेणला जाऊन आलो. मुलगी आठ दिवसांची. लंगोट म्हणून सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचे तुकडे! मी कंपनीत लॅब असिस्टंट. कापड मी निवडणार, असं जाहीर केलं. सासूबाई म्हणाल्या, निवडा की, पन लौकर, ती थांबत नाय.
मुलीला अजून घेतलं नाही. आधी काम.

५ जुलै.
मांजरपाट, मलमल, टेरिकॉट, फ्लॅनेल आणले. काय शिवायचंय, दुकानदाराने विचारलं. संशोधन, म्हणालो. त्याने कात्री उचलली.

७ जुलै, रात्रपाळीनंतर.
प्रत्येकावर कपभर पाणी ओतलं. टेरिकॉटवरून थेट गादीत गेलं. मलमलने अडवलंच नाही. मांजरपाट गोंधळला. फ्लॅनेल सगळं प्यायलं. फ्लॅनेल विजयी! गादी वाळत घातली.

९ जुलै.
खरी टेस्ट माणसावरच. फ्लॅनेलची घडी पँटच्या आत बांधून फर्स्ट शिफ्टला गेलो. बाथरूममध्ये घडीवर मगभर पाणी ओतलं. तासभर उत्तम. मग सुपरवायझर हैबतरावांनी विचारलं, असा का चालतोस? मूळव्याध, म्हणालो. त्यांनी सगळ्या प्लँटसमोर सुरणाची भाजी खायला सांगितली. विज्ञानाला किंमत मोजावी लागते.

१२ जुलै.
जनू टेलरकडून दोन डझन शिवून आणले. त्याने कमरेचं माप विचारलं. अंदाजाने दिलं. अंदाज माझा चांगला आहे.

१३ जुलै.
सगळे धुऊन वाळत घातले. उद्या वाळतील.

१७ जुलै.
वाळले नाहीत. पाऊस सहकार्य करत नाही.

२० जुलै.
एक इस्त्रीने वाळवला. आता तो नाही. उरले तेवीस. वास येतो, पण सौम्य.

२३ जुलै.
तीन लंगोटांवर हिरवट काहीतरी उगवलंय. मालूचं पत्र: लंगोट राहूद्या, तुमी या.
बायकांना क्वालिटी कळत नाही. उद्या जातो.

२४ जुलै, पेण.
वीस ओले लंगोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. एस.टी.त शेजारची बाई उठून उभी राहिली.
सासूबाईंनी एक पिळला. म्हणाल्या, जावयबापू, ह्ये वाळंस्तवर पोर साळंत जाईल. तरी चुलीवरच्या दोरीवर घातले.
फ्लॅनेल वाळतं कसं, हे तपासायचं राहिलं होतं. त्यावर बोलणार, तेवढ्यात मालूने मुलगी माझ्या हातात ठेवली. धरा, म्हणाली. तीन आठवड्यांनी बाप आलाय.
मुलगी दोन मिनिटांत ओली. माझा शर्टही. मालू म्हणाली, बदला.
बांधायचं कसं, हे कुठल्याच टेस्टमध्ये नव्हतं. लुगड्याचा पहिला तुकडा उचलताना सुटला. दुसरा एका पायात राहिला. तिसरा बांधताना तिने माझ्या नाकावर लाथ मारली. चौथा टिकला. मी सगळ्यांकडे पाहिलं.
उलटा बांधलाय, मालू म्हणाली.
पण मुलगी माझ्या मांडीवरच झोपली होती. सोडू नका, मालू म्हणाली.