मंगळवारची खिडकी

दि. ९ फेब्रुवारी, रविवार

ती. दादा,

नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. पत्र वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठवतेय, घरच्या नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि वहिनी उचलते तेव्हा काय बोलावं ते मला सुचत नाही.

माझं म्हणशील तर पाय दुखतात आणि चष्म्याचा नंबर वाढलाय. जुनी गळकी खोली सोडून वर्षापूर्वी आम्ही बाजारामागे, टायपिंगच्या क्लासशेजारी आलो, हे तुला ठाऊक नसणार. दारावर संस्थेचं नाव मुद्दाम लावलेलं नाही, नुसतं 'औषध खिडकी' लिहिलंय. एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी मोठ्या दवाखान्यात लोकांचा अख्खा दिवस मोडायचा. म्हणून आता दवाखाना कागद देऊन त्यांना आमच्याकडे पाठवतो. महिन्याच्या गोळ्या, दोन शब्द, की झालं.

सात वर्षांपूर्वी तू म्हणालास, "तसल्या लोकांत बसतेस ना, मग माझी बहीण आहेस हे कुठे सांगू नकोस." नाही सांगितलं. हट्टीपणात मी तुझ्यावरच गेलेय.

मध्यंतरी आमची संस्था बळकट करायला दवाखान्यानं एक बाई पाठवली. माझ्या निम्म्या वयाची. मांडीवर लॅपटॉप, आणि प्रश्न संपता संपेनात. "ताई, उद्या तुम्ही आजारी पडलात तर खिडकी कोण उघडणार?" मी म्हटलं, "मी आजारी पडत नाही." तिनं शून्य मांडलं. शंभरात एकेचाळीस मिळाले. शाळेत गणितात मिळायचे तेवढेच, फक्त या वेळी खाली बाबांची सही लागली नाही.

मला राग आला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? सोळा वर्षं कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आहे. कोणाच्या घरी कळलंय, कोणाच्या नाही, कोणाला गोळी रिकाम्या पोटी सोसत नाही, सगळं माझ्या डोक्यात. जाताना तिनं माझ्याकडून नियम लिहून घेतले. प्रत्येक कामाला दोन माणसं तयार हवीत. ओळखीचा माणूस आला तर त्याचं काम दुसऱ्यानं करायचं. मी लिहिले आणि फाईल कपाटावर टाकली.

वीस नोव्हेंबरला एक माणूस आला. कागदाची चौपदरी घडी मुठीत धरून. जाळीपलीकडे मला पाहिलं, थबकला आणि मागे फिरला. मी हाक मारली नाही. मारायची नसते. पण पाठमोरा माणूस ओळखू येतोच. वर्षानुवर्षं लेथवर उभं राहून एक खांदा खाली आलेला असला तर जास्तच.

खोटं कशाला लिहू? त्याला पाहून माझ्या मनात सगळ्यात आधी आलं, 'आता कळलं का?' एकच क्षण. पण चेहरा लपवायला मी कधी शिकले नाही. त्यानं तो वाचला असणार, म्हणून गेला असणार. त्याची मला अजून शरम वाटते.

आमच्याकडे यादीत नावं नसतात, आकडे असतात. त्या दिवशी नवीन आकडा एकच यायचा होता, दोनशे बारा. त्याच्यापुढे 'आले नाहीत' लिहिलंय. जवळच्या गोळ्या केव्हाच संपल्या असतील. घरी माणूस पाठवून चौकशी करता येत नाही, कारण दवाखान्याच्या कागदावर त्यानं 'घरी येऊ नये' या ओळीपुढे खूण केलीय. तीन महिने झाले की 'संपर्क तुटला' लिहायचं आणि खाली माझी सही. म्हणजे या वीस तारखेला.

परवा वहिनी फोनवर म्हणाली, "ह्यांचे शर्ट सैल व्हायला लागलेत, आणि काही विचारलं की वसकन अंगावर येतात." मी म्हटलं, कामाचा ताण असेल. इतक्या बायकांशी इतकी वर्षं बोलले, असं खोटं कोणाशी बोलले नव्हते. तिला मी काही सांगणार नाही, तो माझा हक्क नाही. पण तिचीही तपासणी व्हायला हवी दादा, आणि हे 'कामाचा ताण' मला फार दिवस म्हणवणार नाही.

तर फाईल मी खाली काढली. आमच्याकडे शिवणवाली मावशी आहे. स्वतः अकरा वर्षं गोळ्या घेते आणि माझ्याहून धडधाकट आहे. महिनाभर तिला शेजारी बसवून सगळं शिकवलं. खरं तर तिला बरंचसं येतच होतं, मीच कधी विचारलं नव्हतं. आता दर मंगळवारी खिडकी तिची, किल्ली तिची. पहिल्या मंगळवारी मी घरी तीनदा चपला घातल्या आणि तीनदा काढल्या. खिडकी वेळेवर उघडली. माझ्यावाचून काही अडलं नाही. थोडं लागलं मनाला, मग दुपारी गाढ झोपले. ती बाई पुन्हा येऊन अठ्ठावन्न देऊन गेली. तिला वाटतंय मी तिचं ऐकलं. वाटू दे.

मावशी नाव विचारत नाही, आकडा विचारते. उशिरा आलेल्याला रागावते, पण गोळ्या देते. नवरा-बायको दोघं आले तर काय नि कसं बोलायचं, हेही तिला जमतं, माझ्यापेक्षा बरं.

वीस तारखेच्या आत दोन मंगळवार आहेत. दहा ते दोन. तुझी पाळी दुपारची असते ना अजून? मी त्या बाजूला फिरकतही नाही. मावशी मला काही सांगणार नाही, मीही विचारणार नाही. फक्त बुधवारी वही माझ्या हातात येते.

मी थकलेय दादा. सह्या पुष्कळ केल्या आजवर. ही एक माझ्याकडून करवून घेऊ नकोस.

पत्र वाचून फाडून टाक.

कुठेही न सांगितलेली,
तुझी बहीण