लेकीच्या घरचं पाणी

९ मे, शुक्र. प्राग.

पोचलो एकदाचे. चौथा मजला, लिफ्ट नाही. इमारत पार जुनी, म्हणून म्हणे भाडं जास्त. आमच्या अमरावतीत अशा घराला महापालिका नोटीस चिकटवते.

निनादनं दोन्ही बॅगा वर नेल्या. दर मजल्यावर "आई, सावकाश हं." जावई पुण्याचा, हं लावल्याशिवाय वाक्य संपत नाही. शुभा दारात उभी. वाळलीये पोरगी. लगेच बोलायचं नाही असं ठरवून आले होते, म्हणून गप्प.

तिनं पाण्याचे ग्लास आणले. मी गटागटा प्यायले. हे म्हणाले, "आत्ता तं पेलो विमानात." विमानातून उतरून किती वेळ झाला होता! ग्लास तसाच परत गेला. मी समजले. अकोल्याची रीत सोबत घेऊन आलाय हा माणूस.

१० मे, शनि.

सकाळी ह्यांनी बॅग उघडली. शेव, चिवडा, माझ्याच हातच्या दशम्या. मला वाटलं होतं लेकीसाठी करून घेतायत. स्वतःचा शिधा होता तो. दार लोटून खाल्लं. पाणी खालच्या दुकानातून विकत.

लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. सासरे तिवशाला मुलीकडे जायचे ते एस.टी. स्टँडच्या नळावर पाणी पिऊन. पण ते सकाळी जायचे नि संध्याकाळी अकोल्याला परत. इथे महिना काढायचाय. शुभा पुण्यात होती तेव्हा हे भाच्याकडे उतरायचे, तिला काहीबाही कारण सांगायचे. इथे भाचा नाही. मला वाटलं, एवढ्या लांब आल्यावर सुटेल सगळं. कसलं काय.

शुभाला सांगितलं, पोट बिघडलंय ह्यांचं. तिनं मुगाची खिचडी केली. तीही परत.

११ मे, रवि.

शहर बघितलं. दगडी रस्ते, टाचांची वाट लागली. पूल, पुतळे, पुतळ्यांसोबत फोटो काढणारी दुनिया. मोठ्या घड्याळाखाली गर्दी माना वर करून उभी. टोले पडले, वरच्या बाहुल्या फिरल्या, खेळ खलास. एवढ्यासाठी? आणि निनाद प्रत्येक दगडाचा इतिहास सांगतो. मला ना दगड बघायचे होते ना इतिहास ऐकायचा होता.

हे मात्र खुशीत. "मस्त गाव आहे." दुपारी हॉटेलात तळलेल्या चीजचा हा एवढा तुकडा संपवला, वर बटाटे. बाहेरचं चालतं ना. बिलाला निनादला हात लावू दिला नाही. शुभा ह्यांच्या ताटाकडे बघत होती. मग माझ्याकडे. मी पुतळ्यांबद्दल काहीतरी विचारलं.

१३ मे, मंगळ.

दोघं ऑफिसला गेली आणि आमचं जुंपलं.

"काहून छळता पोरीले?"

"म्या काय छळलं? तिले काई बोललो का?"

"मंग बोला ना एकदा. तोंडानं सांगा तिले."

"माह्या बापानं पाळलं, मी मोडू? अन् होईन ना तिले लेकरू. होईन तवा जेवीन पोटभर."

होईन म्हणे. दिवाळीत फोनवर रडली होती शुभा. उपचार थांबवले. आई, आता नाही होणार, बाबाले सांगू नको. शपथ घातली. तेव्हापासून मी एकटी घेऊन बसलेय. आज अगदी ओठांवर आलं होतं. खिडकीत जाऊन उभी राहिले. समोरच्या चर्चची घंटा सुरू झाली ती थांबेचना. त्या घंटेचाही राग आला. ह्यांचा तर इतका राग लग्न झाल्यापासून कधी आला नव्हता.

१४ मे, बुध.

शुभा लवकर आली. पातोडीची भाजी केली तिनं, ह्यांचा जीव की प्राण. बेसनाच्या वड्या ताटात नीट थापल्या, वर खोबरं-कोथिंबीर. रस्सा अस्सल अकोल्याचा, नुसत्या वासानं निनादला ठसका. चार ताटं मांडली.

हे खोलीतूनच, "पोट बरं नाही वं बाई."

ती पळी हातात घेऊन दारात जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"बाबा, रविवारी तं बरं होतं पोट. मले माहीत आहे सारं. तिवशाच्या आत्याचं लहानपणापासून आयकून राहिली मी. मले लेकरू होणार नाही. डॉक्टरनं सांगून टाकलं. आता सांगा, कधी जेवसान माह्या घरी?"

हे पलंगावर, मांडीवर चिवड्याची पिशवी. माझ्याकडे बघितलं. "तुले माहीत होतं?"

"हो."

उठले, बूट घातले, खाली गेले. आम्ही तिघं जेवलो. बऱ्याच वेळानं परत आले ते दुकानातली पाण्याची बाटली घेऊनच. वाटलं, तीच बाटली डोक्यात घालावी ह्यांच्या.

१५ मे, गुरु.

अबोला. माझ्याकडून. ते तसेही बोलत नाहीत.

शुभा अगदी नेहमीसारखी वागते. टिफिन भरते, हसते, मला स्वेटर घाल म्हणते. त्याचाच जास्त त्रास होतो. रडली असती तर जवळ घेतलं असतं.

दशम्या संपल्या. चिवडा तळाला गेलाय. हे दिवसभर खिडकीत.

निनाद संध्याकाळी हळूच म्हणाला, "आई, बाबांचं तिकीट लवकरचं करून देऊ का?" हं लावला नाही. मी म्हटलं, त्यांचं त्यांना विचारा, माझं बदलू नका.

१६ मे, शुक्र.

स. दोघं ऑफिसला. मी आंघोळीला. न्हाणीघरात असताना स्वयंपाकघरातला नळ वाजला. बराच वेळ चालू होता.

बाहेर आले तर हे खिडकीत. ओट्यावर स्टीलचा ग्लास उपडा, ओला. शुभाच्या लग्नात आम्हीच रुखवतात दिलेला तो, तिनं इथपर्यंत आणलेला. सकाळची सगळी भांडी मी स्वतः पुसून ठेवली होती. दुकानातली बाटली ह्यांच्या शेजारी, न उघडलेली. पण तोंडही धुतलेलं होतं, मिशा ओल्या. म्हणजे कशावरून? नुसती चूळही भरली असेल.

विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते, आणि मग तेच खरं करून दाखवलं असतं. ओळखते मी.

दु. शुभाचा मेसेज. आई, संध्याकाळी किती जणांचा कुकर लावू?

मोबाइल हातात धरून बसले. हे खिडकीतून खाली बघत होते, मान वळवली नाही.

चौघांचा, असं लिहिलं. पाठवलं. ह्यांना सांगितलं नाही.