रडणारी मूर्ती आणि काका

२० ऑगस्ट, ओजिमा
काका चक्क हो म्हणाले! मला वाटलेलं, ओरडतील. सिनेमा जुना, रशियन, मुका, विनोदी. क्रांतीनंतरचा. पाद्री मूर्तीमागून रबरी नळीनं पाणी सोडतो, मूर्ती 'रडते', गाव कोंबड्या आणून वाहतं. माझी बाइतो (जपानीत पार्टटाइम काम) ज्या छोट्या थेटरात आहे, तिकिटं फाडतो, तिथे पाहिला. सहज म्हटलं, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लावू. आणि काका, दरवर्षी तिथे पूजा सांगणारे काका, म्हणतात, "लाव की."
बाबांचे मित्र. त्यांच्याकडे फुकट राहतोय. काहीतरी आहे यात.

२३ ऑगस्ट
काकू भाजी चिरता चिरता, "देवाच्या दिवसांत देवाची टिंगल. लोक विचारतील, कुणाला ठेवलंय घरात!" काका पेपर वाचतायत. म्हणजे प्लॅन हाच. मंडळ चिडणार, खापर माझ्यावर, बॅग दाराबाहेर. त्सुकुबा गावात एका मित्राची सायकल नुसती पडून आहे, ती घेऊन वर उत्तरेला... ते नंतर.
थेटरात मुका सिनेमा चालू असताना एक आजोबा बाजूला बसून सगळ्यांचे आवाज काढतात. काका म्हणाले, "आपल्याकडे मी बोलतो. मराठीत."
का? पाद्र्याला संत करून टाकतील, बघच.

३० ऑगस्ट
हॉल फुल्ल. काका पडद्याशेजारी माइक घेऊन, सकाळचं सोवळं तसंच. नळी दिसली, लोक हसले. मागून कुणीतरी, "यांचे पाद्री म्हणजे ना!"
मग पाद्री बोलायला लागला. "अक्षता घ्या. डोळ्यांना पाणी लावा. मोबाइल सायलेंट, वहिनी! आता मनातलं मागा." सकाळी पूजेत काकांनी आम्हाला सांगितलं तेच. तोच सूर. आधी हॉल हसून कोसळला, मग हळूहळू एकेक जण गप्प.
शेवटी गाव निघून जातं, पाद्री एकटाच नळी गुंडाळतो. काका मंडळाच्या गणपतीकडे बघून, "काढली बाबा नळी. आता तू बोल काहीतरी."


३१ ऑगस्ट
फोन सारखा वाजतोय, काकू उचलत नाहीत. मी बॅग भरून दारात ठेवली.
काका खिडकीत चहा घेत बसलेले. घरच्या गणपतीपुढे कालचीच फुलं.
"कुठे निघालास?"
"कुठे नाही."
"मग आंघोळ कर. आजची पूजा तू."
"मला येत नाही, काका."
"मला तरी कुठे येत होती!"
काकू पदराआड हसल्या की काय, कळलं नाही.
मला अडकवतायत, की स्वतः सुटतायत?
आंघोळीचं पाणी सोडलंय. बॅग दारातच आहे.