जांभळाच्या वाइनची बाटली

भिलाई,
१२ जून १९७८

प्रिय आईस,
तुझ्या इग्नासचा नमस्कार.

मी बरा आहे, हाताला थोडं खरचटलंय एवढंच.

तुझ्यासारखी जांभळाची वाइन केली. पण वास शेजारी जाईल म्हणून ती फसफसत असतानाच बूच घट्ट ठोकलं. काल बाटली फुटली. खोलीतल्या कॉन्रॅडच्या डोळ्यात काच गेली. “इग्नास, मला दिसत नाही रे,” एवढंच तो म्हणत होता. पट्टी पुढच्या सोमवारी सोडतील. मला त्याच्यासमोर बसवत नाही.

आग्नेसच्या लग्नासाठी बाबांनी भरलेल्या बाटल्या अजून पलंगाखालीच आहेत का? वर पोरं झोपतात ना? पत्र वाचताच पोरांना बाहेर काढ. बाबांना म्हणावं, वर गोधडी टाकूनच बुचं सैल करा, मग नुसतं फडकं बांधा.

झालं की लगेच तार कर, आई.

तुझा,
इग्नास