ठोका

प्रिय बाकशेजारीण,

दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही. नावानं हाक मारायचा हक्क तू कधी दिला नाहीस, आणि हल्ली सगळी शाळा तुला मॅडम म्हणते. मी मॅडम म्हणणार नाही. शाळेच्या शेवटच्या वर्षी इंग्रजीच्या तासाला माझ्या शेजारी बसून माझं वाचन ऐकणारी तू, एवढीच ओळख मला पुरे. माझी धाकटी बहीण आता तुझ्या वर्गात आहे हे तुला बहुतेक ठाऊक नसेल. ती माझ्यासारखी दिसत नाही, आईवर गेली आहे. गेल्या रविवारी तिनं जेवताना तुझ्या वर्गातली एक गोष्ट सांगितली. मला तुझ्याकडून हवंय ते एका वाक्याचं आहे, पण ते मी शेवटी मागेन. आधी तुला सगळं ऐकावं लागेल. वर्षभर गप्प बसून ऐकायची सवय आहेच तुला.

आपले सर तुला आठवतातच. मित्र मित्राची चूक झाकतो म्हणून ते मुद्दाम मुलगा-मुलगी अशी जोडी लावायचे. एकानं उभं राहून परिच्छेद वाचायचा, मग मराठीत अर्थ सांगायचा. शेजारच्यानं पुस्तकात डोळे घालून बसायचं आणि चूक झाली की बाकावर बोटाच्या पेरानं ठोका द्यायचा. सर मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून वह्या तपासत बसायचे. त्यांच्या कानाला लांबचं नीट येत नव्हतं, पण ठोका बरोबर ऐकू यायचा. ठोका पडला की मान वर, नाही पडला की पुढचा. बाकीच्यांच्या वाचनात सुतारकाम चालल्यासारखा आवाज असायचा. फक्त मी उभा राहिलो की वर्ग शांत. वर्षभरात तू माझ्यासाठी एकदाही हात उचलला नाहीस.

मी मूर्ख होतो, पण इतका नव्हतो की मला माझं इंग्रजी निर्दोष आहे असं आपोआप वाटावं. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक ओळीला तुझ्या हाताकडे बघायचो. तो हात उघड्या पुस्तकावर पडलेला, बोटावर शाईचा डाग, आणि हलायचं नाव नाही. मग मला धीर आला. धीर आला तसा आवाज आला. मी हातवारे करायला लागलो. पुढच्या दोन रांगांतल्या मुली माना खाली घालून, रुमाल तोंडाशी धरून बसायच्या आणि त्यांचे खांदे हलायचे. तू तेवढी ताठ बसून माझ्याकडे बघायचीस. तुझ्या डोळ्यांत पाणी असायचं कधीकधी. आता सांग, त्या वयातल्या मुलानं यातून काय समजायचं होतं?

त्या आंधळ्या म्हातारीचा धडा तर मी तुझ्यासाठीच वाचला. ती तिसऱ्या मजल्यावर एकटी बसलेली असते, आणि रोज संध्याकाळी जिन्यावर मुलाच्या बुटांचा आवाज आला की तिच्या जिवात जीव येतो. मधला एक लांबलचक परिच्छेद कारखान्यातल्या अपघाताचा होता. त्यातले अर्धे शब्द मला येत नव्हते, पण आवाज येत होता, तो मी लावला. मग अर्थ सांगितला: कारखान्यात कितीही काम पडो, हा गुणी मुलगा रोज वेळेवर घरी येतो, आईजवळ बसतो, बोलत काही नाही कारण दमलेला असतो. शेवटी म्हातारी म्हणते, उद्यापासून ते बूट काढून येत जा, तुला लागतात ते. मी सांगितलं, बघा आईची माया, मुलाला नवे बूट घ्यायला सांगते आहे. हे सांगताना मी खरोखर गळा काढला होता. पुढच्या रांगेतली एक मुलगी तोंड दाबून वर्गाबाहेर पळाली. मला वाटलं, तिची आई आजारी असेल. तुझा हात हलला नाही.

त्या एका न हललेल्या हातावर मी कॉलेजात इंग्रजी घेतलं. बाबा म्हणत होते, मामाच्या काचेच्या दुकानात बस, हात चांगला आहे तुझा. मी जेवण सोडलं, ताट भिरकावलं, बाबांना नको ते बोललो. सर स्वतः घरी येऊन म्हणाले होते, याला वर्षभर ठोका नाही, याला अडवू नका. बाबांनी हात जोडले. पुढे कॉलेजात एका प्राध्यापिकेनं प्रत्येकाला विचारलं, शाळेत वाचलेलं काय मनात राहिलंय ते सांगा. मी उभा राहिलो आणि म्हातारीचा धडा सांगितला, आपल्या वर्गात सांगितला होता तसाच, तोच गळा काढून. मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्याच्या शाळेतही तोच धडा होता, अगदी हळू म्हणाला, अरे बाबा, तो मुलगा मेलेला असतो. अपघातात. त्याचे बूट घालून शेजारी येत असतो. त्याच्या आवाजात खवचटपणा नव्हता गं. बिचाऱ्याला मला सावरायचं होतं. मी जाऊन त्याच्या मुस्कटात दिली. कॉलेजवाले माफी लिहून द्या म्हणाले, मी दिली नाही, आणि गेटाबाहेर पडलो तो पुन्हा गेलो नाही. घरी सांगितलं, मन लागत नाही.

आता यातली गंमत ऐक, तुला आवडेल. त्या दिवशी रस्त्यानं चालताना मला लाज वाटायला हवी होती. मला झाला आनंद. माझ्या डोक्यात एकच विचार: तिला माहीत होतं. पुस्तक तिच्यापुढे उघडं होतं, तिला सगळं येत होतं, आणि तिनं ठोका दिला नाही. भर वर्गात माझं नाक कापलं जाऊ नये म्हणून. उगीच कोण कोणाची चूक इतकी जपतं? त्याच आनंदावर मी मामाच्या दुकानात दिवस काढले. मामाला वाटतं पोरगं कामात रमलं. काचेवर हिऱ्याच्या कलमानं एकदाच रेघ मारायची असते, दुसऱ्यांदा त्याच रेघेवर कलम फिरवलं की काच वाकडी तुटते. मी चुकलो की मामा म्हणतो, साहेब, इंग्रजीत कापू नका, सरळ कापा. गिऱ्हाइकं हसतात. मीही हसायचो. माझ्याजवळ तुझा हात होता ना.

मागच्या महिन्यात तुझ्या वर्गाच्या खिडकीची काच बसवायला मीच आलो होतो. खरं तर मामा दुसऱ्याला पाठवत होता, मी ओढून घेतलं काम. बाहेरून शिडी लावली होती, तोंडाला फडकं बांधलं होतं, पाठ अर्धी वळलेली. तू फळ्यावर लिहीत होतीस. जुन्या बाई रजेवर गेल्या म्हणून तुला बदलीवर घेतलंय, हे तोवर गावभर झालं होतं. मी चौकटीत खिळा ठोकत होतो. तू खिडकीशी आलीस आणि म्हणालीस, दादा, तास चालू आहे, जरा हळू. दादा. मी हळू ठोकलं. मला तेही गोड लागलं, बघ. दुकानात परत आल्यावर मामानं विचारलं, काय रे, शाळेत लाडू वाटत होते का?

आणि मग तो रविवार. बहीण सांगायला लागली, आमच्या मॅडमनी ठोका का द्यायचा याची काय भारी गोष्ट सांगितली. त्यांच्या वर्गात म्हणे एक मुलगा होता, त्याला मुली भोंगा म्हणायच्या. इतकं भयानक वाचायचा, आणि इतक्या रुबाबात, की सगळ्या मुलींनी ठरवलं, याला ठोका द्यायचाच नाही, नाहीतर तमाशा बंद पडेल. आई म्हणाली, बाई बाई, आणि त्याला कळलं नाही? बहीण म्हणाली, कळतंय कसलं, त्याला वाटायचं मुली रडतायत. बाबांना ठसका लागला. म्हणाले, असा गाढव कुठल्या घरचा म्हणे? बहीण म्हणाली, नाव नाही सांगितलं मॅडमनी. त्या म्हणाल्या, सगळ्या जणी माना खाली घालून हसायच्या, सगळ्यात अवघड काम माझं होतं, त्याच्याकडे न हसता बघत बसायचं. डोळ्यांतून पाणी यायचं म्हणे हसू दाबून. मग बहिणीनं बुटांच्या धड्याची नक्कल केली. तू चांगली केली असणार वर्गात, कारण तिला माझे हातवारे हुबेहूब जमले, आणि तिनं मला असं वाचताना कधी पाहिलेलं नाही. आई पोट धरून हसली. मीही हसलो. सगळ्यांच्या नंतर थांबलो.

तुझा मी द्वेष करावा असं मी तीन वेळा ठरवलं आणि तीन वेळा जमलं नाही, म्हणून जास्त संताप येतो. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना बहिणीचं पुस्तक आणून, शब्दकोश घेऊन तो धडा वाचला. आयुष्यात पहिल्यांदा वाचला म्हण. एकेक शब्द काढत बसलो. अपघाताचा परिच्छेद लागला. आणि शेवटच्या ओळीशी आल्यावर कळलं की म्हातारीला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत असतं. पावलं परक्याची आहेत हे तिनं ओळखलेलं असतं, आणि तरी ती त्याला रोज येऊ देते. हे सरांनी, तुम्ही, कोणीच मला शिकवलं नाही. शिकवलं असतं एका ठोक्यानं, लागला असता थोडा, आणि मी त्याच संध्याकाळी शब्दकोश उघडला असता. मला इंग्रजी येऊ शकत होतं. हे आता कळून काय उपयोग, असं तू म्हणशील. काही नाही. पण तुला कळावं असं वाटतं. तू माझी टिंगल केलीस, ते पोरवय होतं, सोडून दिलं. तू मला शिकू दिलं नाहीस, ते सोडवत नाही. आणि आज तू त्याच शाळेत शिकवण्याचा पगार घेतेस.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे पत्र. तुझ्या गोष्टीचं तात्पर्य वर्गानं ऐकलं, पण घेतली गंमत. खिडकीकडच्या ओळीत, मी काच बसवली त्याच्याच खाली, एक उंच, खांदे पाडून चालणारा नवा मुलगा बसतो. त्याची जोडी माझ्या बहिणीशी आहे. तुझी गोष्ट झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती त्याला ठोका देत नाही. मुलींचं ठरलंय, बहीणच रोज जेवताना सगळं सांगते. तू मागे खुर्चीत वह्या तपासतेस, तुझे कान शाबूत आहेत, तरी तुझी मान वर होत नाही. पोराचा आवाज आता चढायला लागलाय. तो माझ्या बहिणीकडे बघून वाचतो, आणि ती न हसता त्याच्याकडे बघते. घरी आरशापुढे त्याचा सराव करते, मी पाहिलंय. काल त्यानं तिला विचारलं, मी पुढे इंग्रजी घेऊ का. ती म्हणाली, घे की. येत्या शनिवारी पालकांपुढे वाचायला त्यानं स्वतःहून नाव दिलंय, त्याची आई कामावरून सुट्टी काढून येणार आहे, आणि तू ते नाव न तपासता लिहून घेतलंस. मी बहिणीला एका शब्दानं थांबवलेलं नाही. थांबवणारही नाही, कारण ते काम तुझं आहे आणि मी ते तुझ्यासाठी उरकून देणार नाही. शनिवारच्या आधी त्या मुलाला एकट्याला बोलव आणि सांग, तुला वाचता येत नाही, मी शिकवते. त्याचा चेहरा कसा होतो तो नीट बघ, तुला बघत बसता येतं. नाही सांगितलंस तर शनिवारी मी पहिल्या रांगेत, त्याच्या आईच्या शेजारच्या खुर्चीत बसेन, आणि तो तोंड उघडताच सगळ्यांच्या आधी हसेन.

तरीही तुझाच,
अजून