कोळशाच्या डबीच्या तारखा

३ मार्च
कोरियाच्या दक्षिण टोकाच्या मोकपो बंदरात सुखरूप पोहोचलो. देजॉन शहरातली माझी शाळा बंद पडली, तेवीस वर्षांचे रसायनशास्त्र संपले असे वाटले होते. पण मालक मो यांच्या गाड्या चमकवण्याच्या दुकानात ते पुन्हा जिवंत झाले. येथले लेपन म्हणजे एक सुंदर प्रयोगच! द्रव फवारला की तो ओलावा शोषून कडक होतो आणि रंगावर काचेसारखा पातळ थर बसतो. या क्रियेत अमोनिया सुटतो. धुळीचा कण बसू नये म्हणून फवारताना पंखा बंद ठेवतात आणि दाराच्या फटींना पट्ट्या लावतात.

संध्याकाळी मावशींच्या खानावळीत माझ्या स्वागताला आंबवलेला पाकट मासा होता. त्यालाही अमोनियाचाच दर्प. माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी आले आणि सारे टेबल हसले. मालक म्हणाले की अहो मास्तर, ह्या वासात आम्ही रांगायला शिकलो, आमच्या नाकाला तुमचं औषध काय करणार? म्हणूनच येथे कोणी वाफ गाळणारा मुखवटा लावत नाही.

खोली टेकडीवर आहे. एकसष्ट पायऱ्या, एका दमात चढलो.

५ मार्च
मुखवटा मी लावणारच. कपाटात एक सापडला, नवी डबीही बसवली. डबीतला कोळसा वाफ धरून ठेवतो; तो भरला की वाफ आत येऊ लागते. कपाटाच्या दारामागे माझ्याआधीच्या ह्योन-मुकने डबी बदलल्याच्या तारखा नीट लिहिल्या आहेत. अंतरे मोजली : सहा दिवस, सहा, नऊ, सतरा, एकतीस. हात बसल्यावर त्याचा फवारा वाया जाईनासा झाला असावा. यादीखाली लिहिले आहे, ‘पुढच्या माणसासाठी : वास’. वाक्य तेवढेच. अपुऱ्या उत्तरपत्रिका मी आयुष्यभर तपासल्या आहेत. उरलेले उघड आहे : वास आला की डबी बदला.

शेजारी माझी यादी सुरू केली.

१७ मार्च
वास आला, डबी बदलली. याआधी अकराला बदलली होती. दोन्ही वेळा सहा दिवस. नियम चोख चालतो. मालकांना पंख्याबद्दल समजावले. ते म्हणाले की मास्तर, फळा खाली ठेवा आणि फवारा हातात घ्या.

२६ मार्च
नवव्या दिवशी बदलली. माझाही हात बसला म्हणायचा. पायऱ्यांवर एकदा थांबलो. वय झाले.

१२ एप्रिल
आज बदलली. सतरा दिवस टिकली. फार थकवा येतो. रात्रभर खोकला. पायऱ्यांवर तीनदा बसलो. मावशींना ह्योन-मुकबद्दल विचारले. त्या म्हणाल्या की आपल्या बेटावर परत गेला बिचारा, आता धक्क्याच्या चार पायऱ्याही चढवत नाहीत. मुखवटा लावणारा तो एकटाच होता, असेही म्हणाल्या.

३० एप्रिल
डबी अजून उत्तम. कसलाही वास नाही. लिहायचा कंटाळा येतो.

१२ मे
मालकांचा वाढदिवस. पुन्हा पाकट. मी तीन तुकडे खाल्ले. डोळ्यांत थेंब नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी पाठ थोपटली, म्हणाले की आता मास्तर खरे मोकपोचे झाले!

मला चव बर्फासारखी लागली. फक्त गार.

१३ मे, सकाळ
लसूण. साबण. फरशीचे औषध. एकेक नाकाशी धरून पाहिले.

काही नाही.

१३ मे, दुपार
डबी बदलली, तारीख लिहिली. अंतर मोजले — एकतीस.

सहा, सहा, नऊ, सतरा, एकतीस. दोन्ही याद्या शेजारी शेजारी. कोळसा टिकत नव्हता. नाक मरत होते. भरलेल्या डबीतून मी किती दिवस —

मालकांना सांगितले. म्हणाले की सर्दी असेल, आल्याचा चहा घ्या, झोपा. उद्या नवा माणूस येतोय. मुखवटा धुऊन कपाटात ठेवा, म्हणाले.

१३ मे, संध्याकाळ
दुकानात बसून लिहितो आहे. पायऱ्या चढवणार नाहीत. कुठूनतरी बारीक शिट्टी येते. दाराच्या फटीतून असावी. पट्टी लावली. तरी येतेच. खिडकी — बंद आहे.

ऐकण्यासाठी श्वास रोखला. शिट्टी थांबली.

श्वास सोडला —

ओलावा मिळाला की कडक होतो. छाती आतून ओली असते. मी हे शिकवले आहे — तेवीस वर्षे —

कपाटावरचे ते वाक्य. मी चुकीचे पुरे केले. त्याला ते म्हणायचे नव्हते. उद्या तो माणूस दार उघडेल, तारखा वाचेल, वासाची वाट पाहील. मालक सांगणार नाहीत. खडू कुठे — पेन चालेल. कपाटापर्यंत सात पावले. इथेच लिहितो, पान फाडून चिकटवीन —

पुढच्या माणसासाठी : वास येत नाही म्हणजे